बाराचा घोळाणा

क्वार्टर शशिकलाच्या नावावर आहे, ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

पिपलानीतली ती दोन खोल्यांची जागा. पुढं व्हरांडा, मागं स्वयंपाकघर, मोरी आणि चार पावलांचं अंगण. कारखान्यानं ती शशिकला नीळकंठ मुलमुले, ट्रेसर, ड्रॉइंग ऑफिस, हिला दिली होती, आणि तिच्यासह राहत होती पाच माणसं. वडील नीळकंठराव छप्पन्न साली सरकारी दफ्तरासोबत नागपूरहून भोपाळला आले. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात अठरा वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर दोन महिन्यांत ते रिकामं करून द्यावं लागलं. त्याच वर्षी लेकीचा नंबर लागला नसता तर बिऱ्हाड कुठं गेलं असतं, कोण जाणे. पुढं धाकट्या उदयला जवाहर चौकात एका रेडिओच्या दुकानात कच्ची नोकरी मिळाली, त्याचं लग्न झालं, रजनी घरात आली. शशिकलालाही स्थळं येत होती. नाही असं कुणी म्हणालं नाही. पत्रांना उत्तरं उशिरा जात, एवढंच. तिला तेहतिसावं लागलं तेव्हा पत्रंही यायची थांबली.

अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून ते घरी आले आणि व्हरांड्यातल्या खाटेवर पडून राहिले. बोलणं तुटक, खाणं जवळजवळ बंद. मऊ भाताचा घास दिला तरी ओठांच्या कडेनं बाहेर येई.

"माती," ते म्हणत.

वरण माती, दूध माती, पेरूची फोडसुद्धा माती. आई, मनोरमाबाई, वाटी घेऊन तासतास बसत आणि शेवटी वाटी तशीच आत नेत. पंधरा दिवसांत त्यांच्या गालांची हाडं वर आली.

त्यातच दिवाळीनंतर रजनीला मुलगी झाली. एकीकडे आजारी माणूस, एकीकडे बाळंतीण. मनोरमाबाईंनी नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घातले, लाडू केले. भिजलेले अळीव किती बुळबुळीत असतात. पातेल्याला चिकटून राहिलेले दाणे विसळताना मोरीत गेले आणि मोरीतून अंगणातल्या ओल्या मातीत.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी शशिकला कपडे धूत होती. मोरीच्या तोंडाशी हिरवंगार काहीतरी दाट उगवलेलं दिसलं. बोटभर उंच, पांढुरक्या दांड्या, आणि खालची पहिली पानं तीन-तीन बोटं काढल्यासारखी. तिनं चिमूटभर खुडून वास घेतला, आणि का कोण जाणे, तोंडात टाकलं. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या शेंड्यावरून तिखट झणका निघाला तो थेट नाकात. डोळ्यांत पाणी आलं. कोवळ्या मोहरीसारखं, पण तिच्यापेक्षा गार.

"आई, अळिवाचा पाला खातात का गं?"

"अळीव बाळंतिणीला. पाला कशाला खातंय कुणी?"

शशिकलानं कात्रीनं मूठभर पाला कापला, धुतला, अगदी बारीक चिरला. मेथीचा घोळाणा करतात तसा त्यात मीठ, कच्चं तेल आणि चमचाभर दाण्याचं कूट घातलं, चार थेंब लिंबू पिळलं, आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीच्या घासावर चिमूटभर ठेवून बाबांच्या तोंडापाशी नेलं. त्यांनी सवयीनं तोंड फिरवलं. तिनं बोटानं थोडंसं ओठांना लावलं. ते चाटलं त्यांनी.

त्यांचे डोळे मोठे झाले. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळलं. घरात सगळे घाबरले, मनोरमाबाई तर ओरडल्याच, "अगं, काय दिलंस?"

"ति... तिखट," नीळकंठराव म्हणाले, आणि तोंड उघडलं.

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

शशिकलाच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. तिनं डालड्याचे जुने डबे आडवे कापून घेतले, पत्र्याच्या कडा ठोकून बसवल्या, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, माती चाळून भरली. अळीव भिजवायचे नाहीत, कोरडेच पेरायचे, वर मातीचा नुसता हात फिरवायचा आणि पाणी ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं, हे ती दोन डबे वाया घालवून शिकली. चिमण्या टपून असत म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. दर चार दिवसांनी एक नवा डबा, म्हणजे पहिला कापून होईतो दुसरा तयार. एका कोपऱ्यात मोहरी, एका वाफ्यात मुळा, मुळ्यासाठी नव्हे, पाल्यासाठी. डिसेंबरची थंडी पडली तसा पाला जोमानं वाढू लागला. थंडीत पानं जाडसर होत आणि झणकाही गोड वाटे.

पण बाबा घास घेत ते शशिकलाच्या हातून. निदान घरात तसं म्हटलं जाई. सकाळी आठला ती कामावर निघायची, त्याआधी थोडं दूध पोटात जाई. खरं जेवण दुपारी. बाराच्या सुट्टीला पाऊण तास असायचा. भोंगा झाला की ती सायकल काढायची. दहा मिनिटं जायला, दहा यायला. घरी पोचताच शाई लागलेले हात धुवायचे, कात्री घेऊन अंगणात जायचं, बाबांच्या समोर बसून चिरायचं, कालवायचं, भरवायचं. पंचवीस मिनिटांत तिचं स्वतःचं जेवण कधी व्हायचं, कधी नाही. मग परत पायडल मारत टेबलापाशी, ट्रेसिंग पेपरवर पेन धरताना श्वास लागलेला, आणि श्वास लागला की रेघ हलते.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर कमलिनी बसायची. तीही नागपूरची, शशिकलाहून चार वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ.

"रोज काय गं पळतेस? आई, भावजय भरवू शकत नाहीत?"

"नाही खात त्यांच्या हातचं. आई म्हणते, तोंडच मिटून घेतात."

"आणि तुला बरं वाटतं ते."

शशिकलानं पेन शाईत बुडवलं. वाटत होतं बरं. बारा वाजता व्हरांड्यात सायकलची घंटा ऐकून बाबांची मान वळायची, ते पाहिलं की ती पुन्हा एकदा घंटा वाजवायची. इतक्या वर्षांत तिच्या वाटेकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यादी लागली. मागच्या वर्षी दोघींनी ड्राफ्ट्समनची खात्याची परीक्षा दिली होती. दोघी पास. हैदराबादच्या कारखान्यात वर्षभराचं ट्रेनिंग आणि मग तिथंच पोस्टिंग. दुसऱ्यांनी काढलेली चित्रं शाईनं गिरवायची नाहीत, स्वतः काढायची. राहायला लेडीज हॉस्टेल. संमती कळवायची ती महिनाअखेरपर्यंत.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. रजनी बाळाला झोके देत होती, ती थांबली. उदयनं हातातलं वर्तमानपत्र घडी केलं.

"ताई, प्रमोशन मिळालं, बहोत बढिया झालं," तो म्हणाला. "पण मग क्वार्टर?"

"दोन महिन्यांत द्यावं लागेल."

उदयनं वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली. मग मनोरमाबाई म्हणाल्या, "क्वार्टरचं काय, कुठंतरी डोकं टेकू. पण यांचं काय? तुझ्या हातचंच खातात. तू गेलीस की पुन्हा माती. दसऱ्यानंतरचे दिवस आठव."

शशिकलाला आठवले. ओठांच्या कडेनं ओघळणारा भात आठवला.

"पाला तुम्हीही पेरू शकाल की. मी दाखवते. रजनी—"

"पाल्याचं नाही गं, हाताचं आहे. मी काय प्रयत्न केला नाही? शपथ घेऊन सांगू?"

रजनी बाळाकडे पाहत राहिली. नीळकंठराव व्हरांड्यात होते. दार उघडंच होतं.

पुढचे पंधरा दिवस शशिकलानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. दुपारी भरवताना ती बाबांकडे पाही. ते चावत राहत, डोळे मिटून. कधी वाटे की विचारावं, बाबा, मी जाऊ का? पण ते हो म्हणाले असते तर, आणि नाही म्हणाले असते तर, दोन्हींची तिला भीती वाटली. एकदा सायकलवरून येताना पिपलानीच्या वळणावर ती उतरली आणि उगीचच उभी राहिली. एकीकडे कारखान्याची भिंत, एकीकडे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, सारख्याच पिवळ्या, सारखीच दारं. या रस्त्यावरून मी किती वेळा गेले असेन, असा विचार आला, आणि मग घड्याळाकडे पाहून ती पुन्हा सायकलवर बसली, कारण चार मिनिटं गेली होती.

तीस तारखेला तिनं नकार लिहून दिला. 'घरगुती अडचणीमुळे.' कमलिनी त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती हैदराबादला गेली. टेबलावर तिची पट्टी राहून गेली होती, ती शशिकलानं ड्रॉवरमध्ये ठेवली.

पंधराएक दिवसांनी, बुधवारी, सकाळी साडेदहाला एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निधनाची बातमी आली. शोकसभा झाली आणि ऑफिस सोडून दिलं. शशिकलाला वाटलं, बरं झालं, आज निवांत नवा डबा पेरून टाकू. मातीचा ढीग मागं होता म्हणून ती पुढून न जाता मागच्या गल्लीतून आली, सायकल भिंतीला टेकवली आणि अंगणात शिरली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तिथून सरळ व्हरांडा दिसायचा.

मनोरमाबाई खाटेपाशी पाटावर बसल्या होत्या. मांडीवर ताट होतं. वरण-भात, नुसता वरण-भात, त्यावर हिरवं पानही नाही. नीळकंठराव खात होते. घास पुढं येण्याआधी तोंड उघडत होते. मधेच काहीतरी बोलले आणि मनोरमाबाई हसल्या.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "बाराला शशी येईल. तिच्यासमोर भूक नको का?"

"मुळ्याचा... आज?"

"आज अळिवाचा आहे. ती काय घालेल ते खा मुकाट्यानं."

शशिकलाच्या हातात वाटेत घेतलेली अळिवाची पुडी होती. ती तिनं मोरीच्या कठड्यावर ठेवली. का कोण जाणे, नळ सोडून हात धुतले. पाण्याच्या आवाजानं मनोरमाबाईंनी वळून पाहिलं.

तिनं नळ बंद केला. शशिकला आत आली, व्हरांड्याच्या दारात उभी राहिली.

"कधीपासून?"

मनोरमाबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या रडल्या नाहीत, की नाकबूलही झाल्या नाहीत. "डिसेंबरपासून. आधी खरंच खात नव्हते, खोटं नाही बोलत. तुझ्या पाल्यानं तोंडाला चव आली. मग सगळंच खायला लागले. माझ्या हातचं, रजनीच्या हातचं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू येत होतीस. यांनाही बरं वाटत होतं. म्हटलं, येऊ दे."

"जानेवारीत? तेव्हाही? शपथ घेत होतीस तू, आई."

"मग काय करू?" मनोरमाबाईंचा आवाज चढला. "जा म्हणू? नागपूर सोडलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. शिवाजी नगरचं घर सोडलं तेव्हा सामान हातगाडीवर चढत होतं आणि मी तुळशीची कुंडी घेऊन रस्त्यावर उभी. आता हा असा माणूस घेऊन, तान्हं पोर घेऊन, पुन्हा कुठं जाऊ? उदयची नोकरी आज आहे, उद्या नाही. तू आहेस म्हणून छप्पर आहे. हे तुला तोंडावर कसं सांगायचं असतं, ते मला नाही येत."

रजनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. "मी सांगणार होते ताई," ती हळूच म्हणाली. "खरंच सांगणार होते. मग आईंनी—" आणि थांबली.

शशिकला बाबांकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

नीळकंठरावांच्या ओठाला भाताचं शीत लागलं होतं. त्यांनी डाव्या हातानं ते पुसलं. मान खाली घातली आणि दोनदा हलवली. होतं.

आईच्या शब्दांनी झालं नव्हतं ते त्या मान हलवण्यानं झालं. शशिकलाला तिथं उभं राहवेना, आणि जायला जागाही नव्हती. दोन खोल्या, एकीत बाळ, एकीत दार अडवून रजनी. शेवटी ती अंगणात जाऊन डब्यांसमोर उकिडवी बसली. हिरव्यागार रांगा, सगळ्या तिनंच पेरलेल्या. एक डबा उलटा करावासा वाटला. केला नाही.

तासाभरानं रजनीनं हाक मारली. "ताई, बाबा बोलावताहेत. कागद मागताहेत."

नीळकंठराव उशीला टेकून बसले होते. "अर्ज," ते म्हणाले. "लिही."

"कसला अर्ज, बाबा? मुदत संपली."

"लिही." आणि तीस वर्षं दफ्तरात काढलेला तो माणूस एकेक शब्द ओढून काढू लागला. "विषय... पु... पुनर्विचार." तिनं 'नकार रद्द करण्याबाबत' असं लिहायला घेतलं तर त्यांनी डाव्या हातानं पेन अडवलं. "रद्द... नको. रद्द म्हटलं की... साहेब चिडतो. पुनर्विचार." पित्याच्या प्रकृतीत सुधारणा झाल्यामुळे, हे वाक्य पुरं व्हायला दहा मिनिटं लागली. "सुधारणा" या शब्दाला त्यांची जीभ तीनदा अडली. घाम फुटला त्यांना. मनोरमाबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या.

सही करून शशिकलानं कागद घडी केला. बाबा काहीतरी पुटपुटले. तिला 'चुकलं' असं वाटलं, पण नक्की तेच म्हणाले की आणखी काही, ते तिनं विचारलं नाही.

अर्ज गेला. सेक्शनच्या साहेबांनी वाचला, चष्मा काढला. "मिस मुलमुले, आप भी कमाल करती हैं. अब याद आया?" पण पुढं पाठवला. उत्तर मार्चमध्ये आलं. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती. पुढची निवड होईल तेव्हा पुन्हा अर्ज करावा. पुढची निवड कधी, हे त्यात नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं उदयला अंगणात बोलावलं. ऊन वाढू लागलं होतं. अळीव एकदम हातभर वाढून बारीक पांढऱ्या फुलांवर आले होते आणि पानं इतकी जहाल झाली होती की खाववत नव्हती. मुळ्यालाही दांडे आले होते.

"आनंद नगरला दोन खोल्या बघ," ती म्हणाली. "रायसेन रोडच्या बाजूला मिळतात. आई-बाबांसकट तुम्हाला पुरतील अशा."

"म्हणजे? तू आम्हाला बाहेर काढतेस?"

"मी जाणार आहे. कधी ते मला माहीत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. पण यादी लागेल त्या दिवशी घरात क्वार्टरची चर्चा नको."

"ताई, आत्ता तर कुठं जाणं नाही न तुझं? मग इतकी घाई कशाला? आरामात पाहू."

"आरामात नाही, उदय. पावसाच्या आधी."

उदयनं डब्यातलं एक पान खुडलं. बघतो म्हणाला. त्याच्या 'बघतो'ला किती अर्थ असतो, हे तिला ठाऊक होतं. मनोरमाबाईंनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढत, पण हाक मारत नसत. पावसाच्या आधी काही होणार नाही, पुढच्या हिवाळ्यातही कदाचित ही सगळी माणसं इथंच असतील आणि तीही, हे बोलता बोलताच तिला कळून चुकलं होतं. तरी ती बोलली, आणि दर रविवारी बोलत राहायचं असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बाराला ती सायकल न काढता कँटीनमध्ये गेली. डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. समोर बसलेल्या टायपिस्ट बाईनं विचारलं, "आज घर नहीं गईं? पिताजी ठीक हैं न?"

"ठीक हैं," ती म्हणाली. "खाना खा लेते हैं अब."

जेवण दहा मिनिटांत आटोपलं. इतका वेळ हातात असतो हे तिला माहीतच नव्हतं, आणि त्याचं काय करायचं तेही. घरी आत्ता आई ताट घेऊन बसली असेल. बाबांची मान रस्त्याकडे वळली असेल, की नसेल? तिनं डबा धुतला, पुसला, झाकण लावलं आणि पुन्हा बाकावर येऊन बसली. मनात एकदा येऊन गेलं की अजून निघाले तर पोचेन. ती उठली नाही. पंख्याखाली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, भोंगा होईपर्यंत तशीच बसून राहिली.